कापलेल्या ओळी

मुख्य ते आधी सांगते, शिस्तच तशी आहे:
लायल हॉस्टेटलर, वय एक्याऐंशी, लायनोटाइपवरचा जुळारी,
मंगळवारी पहाटे, एल्म रस्त्यावरच्या घरी, झोपेत.
मागे एक मुलगी.
इथे थांबलात तरी चालेल.
बातमी पोचली.

यापुढचं, जागा उरली तर.

बाबा जन्मापासून बहिरा.
ओहायोतल्या बहिऱ्यांच्या शाळेत
सुतारकाम, जोडेकाम, छपाई, अशा तीनच वाटा,
त्यानं शिशाची धरली.
'ब्लँचर्ड कुरियर'च्या तळघरात
सहा यंत्रं एकदम खडखडायची.
कान असलेले घसा फुटेस्तोवर ओरडायचे
आणि हा आणि ड्वाइट प्रुएट
खोलीच्या दोन टोकांना उभे राहून
हातांनी निवांत गप्पा मारायचे;
बहुतेक संपादकाच्या नव्या टोपीबद्दल.

मला वाचायला त्यानंच शिकवलं, शिशावरून,
अक्षरं खाली डोकं वर पाय.
शाळेत पहिलं पुस्तक मी फिरवून धरलं
तर बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली.
त्यानं चिठ्ठीतली शुद्धलेखनाची चूक सुधारून
परत धाडली.

मालकाच्या आज्यानं पेपर काढला तेव्हा किंमत एक सेंट.
पहिल्या पानावर डुकरांचे भाव, दोन तोंडांचं वासरू,
आणि विरोधी उमेदवाराच्या सात पिढ्यांचा उद्धार.
मग तारायंत्र आलं. मागोमाग युद्ध.
तार कधी तुटेल नेम नाही,
म्हणून कोण जिंकलं, किती मेले, हे आधी;
कसे मेले ते मागून, तार शाबूत राहिली तर.
(असं म्हणतात. बाबा म्हणायचा, छे, कागद महाग होता.)
मग मोठ्या शहरांतून पिवळ्या पेपरांची साथ आली,
वीतभर मथळे, लाल शाई.
तेव्हाची लाकडी अक्षरं तळघरात अजून होती.
'युद्ध'ची तिन्ही सुतळीनं एकत्र बांधलेली,
दर वेळी शोधायला नकोत म्हणून.

नंतर सगळे शहाणे झाले.
बातमीतून 'मी' गेला.
कोण, काय, कुठे, केव्हा;
हुंदका दाराबाहेर, ओल्या बुटांशेजारी.
मजकूर वाढला की शेवटून कापायचा,
शेवटी काही महत्त्वाचं नसतंच.
वरच्या मजल्यावरून निळ्या पेन्सिलीची रेघ उतरायची,
बाबा पानातून तेवढ्या ओळी उपसून
वितळायला टाकायचा.
टाकतो, असं सगळे समजत होते.

दफनानंतर गॅरेजमध्ये कॉफीचे सात डबे सापडले.
उचलवेनात.
आत ओळी. शेकडो.
कुठल्या बातम्यांच्या, पत्ता नाही, नुसत्या शेपट्या.
खिडकीशी नेऊन एकेक वाचत बसले:

दुसरा बूट सापडला नाही.

कुत्रा अजून गिरणीच्या फाटकाशी बसतो.

साक्षीदाराने आधी पाणी मागितले.

श्रीमती क्रायडर म्हणाल्या, पुढल्या वर्षी बघू.

असे मृतांच्या खिशात दोन डॉलर व बी-बियाणे.

चौथीपर्यंत आले तेव्हा अंधारलं होतं.
मी स्वतः तीस वर्षं बातम्या लिहिल्या, टोलीडोत.
पहिलं वाक्य माझ्यासारखं कुणाला जमायचं नाही.
शेवटचं एकही आठवत नाही.

त्याच्या निधनाची मी पाच ओळींत पाठवली.
'कुरियर' आता दुसऱ्याच राज्यात छापतात,
कात्री कुणी लावली, कळायला मार्ग नाही.
चार आल्या.
तिथे आता शिसं नसतं,
गेली ती गेलीच.

पाचवी अशी होती:
पहाटे पांघरुणावर त्याची बोटं हलत होती;
बोलत होता की जुळवत होता,
ड्वाइट प्रुएट असता तर सांगता.